एचपी : कागदावरची आणि वाफशातली

दिवाळीच्या आगेमागे वाशिम जिल्ह्यात सोयाबीनची मळणी उरकत आलेली असते आणि हरभऱ्यासाठी रान तयार करण्याची घाई सुरू होते. रिसोड असो, मालेगाव असो की मंगरूळपीर, या दिवसांत ट्रॅक्टरबद्दलचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘किती एचपीचा?’ या एका आकड्यावर किंमत ठरते, कर्जाचा हप्ता ठरतो, गावातली ऐटही थोडीफार ठरते. मात्र हा आकडा नेमका कुठे मोजला, असं सहसा कोणी विचारत नाही. मी शिक्षणाने अभियंता नाही. गेली काही वर्षं ट्रॅक्टरची माहितीपत्रकं आणि सरकारी चाचणी अहवाल शेजारीशेजारी ठेवून वाचतो आहे. त्यातून जे उलगडलं, ते इथे मांडतो.

अश्वशक्ती हे एककच मुळात विक्रीच्या गरजेतून जन्माला आलं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स वॅटला आपली वाफेची इंजिनं अशा लोकांना विकायची होती, ज्यांची कामं घोडे करत होते. ‘हे इंजिन किती घोड्यांचं काम करेल?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून त्याने एक माप ठरवलं : मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणं म्हणजे एक अश्वशक्ती. आजच्या हिशेबात ती ७४६ वॅट होते. युरोप-जपानकडची मेट्रिक अश्वशक्ती किंचित लहान, ७३५.५ वॅटची. आपल्याकडे घोडा नांगराला सहसा जुंपला गेला नाही, पण शब्द मात्र घोड्याचाच आला. साधारण बैलजोडी सलग कामात एका अश्वशक्तीच्या आतबाहेर राहते, एवढं ध्यानात ठेवलं तर पुढचे आकडे डोळ्यांसमोर उभे राहतात.

छापलेला आकडा आणि खरा आकडा यांतल्या तफावतीचं गाजलेलं उदाहरण जपानचं आहे. १९८८ साली तिथे रस्ते अपघातांतल्या मृत्यूंनी पुन्हा दहा हजारांचा टप्पा ओलांडला. सरकार कठोर होण्याची चिन्हं दिसताच मोटार कंपन्यांनी आपसांत समजूत केली, की देशात विकायच्या कोणत्याही गाडीची शक्ती २८० पीएसपेक्षा (म्हणजे मेट्रिक अश्वशक्तीपेक्षा) जास्त जाहीर करायची नाही. १९८९ मधल्या निसानच्या फेअरलेडी झेड आणि स्कायलाइन जीटी-आर या गाड्या याच आकड्यावर येऊन थांबल्या. इंजिनं सुधारत गेली, पण माहितीपत्रकातला आकडा पंधरा वर्षं हलला नाही. पुढच्या जीटी-आर गाड्या यंत्रावर मोजल्या, तर तीनशेच्या वर भरत. कागदावर मात्र २८०. शेवटी २००४ मध्ये होंडाच्या लेजंडने उघडपणे ३०० पीएस जाहीर केले आणि ही मर्यादा संपली.

त्याच देशाच्या कंपन्या अमेरिकेत नेमक्या उलट्या पेचात सापडल्या. माझ्दाने २००१ च्या मिआटाची शक्ती १५५ सांगितली होती, ती १४२ वर आणावी लागली आणि ग्राहकांना गाडी परत घेण्याची तयारी दाखवावी लागली. २००५ च्या सुमारास अमेरिकेत मोजणीचे नियम घट्ट झाले, तेव्हा टोयोटा कॅमरीच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचा आकडा २१० वरून १९० वर आला. इंजिन तेच होतं, मोजण्याची रीत तेवढी बदलली. म्हणजे आकडा फुगतो तसा आक्रसतोही. तो कोणत्या बाजूला झुकणार, हे त्याच्या मागे उभ्या असलेल्या नियमावर आणि बाजारावर ठरतं.

आता आपल्या रानात येऊ. ट्रॅक्टरला शक्तीचा एक आकडा नसतो, किमान तीन असतात. पहिला इंजिनाचा, जो जाहिरातीत ठळक छापतात. बऱ्याचदा तोही नेमका नसतो; ‘अमुक एचपी श्रेणी’ असा मोघम शब्द असतो. दुसरा पीटीओचा, म्हणजे मागच्या ज्या फिरत्या दांड्यावर रोटाव्हेटर किंवा मळणी यंत्र चालतं त्याचा. तिसरा ओढीचा : नांगर किंवा पंजी ओढताना मातीत खरोखर उतरणारी शक्ती. इंजिनापासून निघालेली शक्ती गिअर, हायड्रॉलिक पंप, टायर आणि शेवटी मातीतली घसरण यांत झिजत जाते.

अमेरिकेतल्या शेतीअभियंत्यांचा यासाठी एक सोपा आडाखा आहे : प्रत्येक पायरीला ८६ टक्के. इंजिन ४५ एचपीचं असेल तर पीटीओवर साधारण ३९. काँक्रीटवर ओढताना ३३. घट्ट जमिनीत जास्तीत जास्त २९, आणि तिथेच सलग काम करायचं तर २५. नांगरलेल्या भुसभुशीत रानात २१ च्या आसपास. आडाखाच तो, पुढेमागे होणारच. पण ४५ घोडे विकत घेणाऱ्याच्या मातीत त्यातले निम्मेही उतरत नाहीत, ही गोष्ट त्यातून स्वच्छ दिसते. आपल्या काळ्या भारी जमिनीत वाफसा नीट आलेला नसताना ट्रॅक्टर घातला, तर चाकं जागीच फिरतात आणि डिझेलचा हिशेब आणखी बिघडतो.

ही फसगत जुनी आहे. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या विल्मॉट क्रोझियर या शेतकरी आमदाराने दावा एक आणि काम दुसरं करणाऱ्या ट्रॅक्टरांना कंटाळून १९१९ मध्ये कायदाच करून घेतला : चाचणी झाल्याशिवाय राज्यात ट्रॅक्टर विकायचा नाही. तिथल्या विद्यापीठात १९२० पासून चाचण्या सुरू झाल्या. त्या काळी ट्रॅक्टरच्या नावातच ‘१०-२०’ असे दोन आकडे असत. पहिला ओढीचा, दुसरा पट्ट्यावरचा. जाहिरातीची ती रीत आजच्यापेक्षा जास्त सरळ होती.

आपल्याकडे हे काम मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत चालतं. तिथल्या अहवालात पीटीओची कमाल शक्ती, डिझेलचा खप आणि ओढीची शक्ती वेगवेगळी दिलेली असते. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पान ४३ अंशांच्या आसपासच्या तापमानात घेतलेल्या पीटीओ चाचणीचं. तापलेल्या हवेत इंजिन थोडं दमतं. आपला मे महिना तसाच असतो, आणि उन्हाळी नांगरट त्याच महिन्यात चालते.

सरकारला हा फरक ठाऊक आहे. यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय योजनेत अनुदानासाठी ट्रॅक्टरचे गट ८ ते २०, २० ते ४० आणि ४० ते ७० असे पाडले आहेत, तेही पीटीओच्या एचपीत. दुकानात बोलणं इंजिनाच्या आकड्यावर होतं आणि अर्ज भरताना दुसराच आकडा पुढे येतो, तो यामुळे.

शिवाय जपानच्या २८० सारखा एक उंबरठा आपल्याकडेही आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरील ट्रॅक्टरना धुराचे कडक निकष लागू झाले. ते पाळायचे तर इंजिन महाग होतं. आजची माहितीपत्रकं चाळली की ४९ आणि ५० च्या मधले दशांश आकडे वारंवार भेटतात. यात खोटं काही नाही. पण ‘४९.९’ हा आकडा केवळ मातीची गरज पाहून निघालेला नाही, एवढं घेणाऱ्याने ओळखावं.

म्हणून ट्रॅक्टर घेताना प्रश्न थोडा बदलावा. किती एचपी, यापाठोपाठ ‘पीटीओवर किती?’ असं विचारावं आणि चाचणी अहवाल मागावा. त्यातली पीटीओची शक्ती, उन्हातली चाचणी आणि डिझेलचा खप ही तीन पानं आपल्याकडे असलेल्या किंवा घ्यायच्या अवजाराच्या गरजेशी ताडून पाहावीत. रोटाव्हेटर किंवा बीबीएफ पेरणी यंत्र बनवणारेही त्याला किती एचपी लागते ते सांगतात. तो आकडा इंजिनाचा की पीटीओचा, हेही विचारून घ्यावं. पाच एकरांच्या मालकाला पन्नासच्या श्रेणीतला ट्रॅक्टर खरंच लागतो, की कमी एचपीचा ट्रॅक्टर आणि नांगरटीपुरतं भाडं यात भागतं, याचा हिशेब मग घरीच मांडता येतो. हप्ता शेवटी छापलेल्या एचपीवर बसतो, आणि तो फेडायचा असतो मातीत उतरलेल्या एचपीतून.