केसांना इस्त्री, पाण्याचा शिंतोडा आणि माझी न वळणारी बट

ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड इथे लिहून काढलाय. बोलले तसंच आहे, फक्त मधले 'अं' आणि मागून आलेली कुकरची शिट्टी काढून टाकलीय.

नेहमी आपण बॅटरी, डेटा, ॲप असलं काहीतरी बोलतो. आज स्ट्रेटनर. घरी, स्वतःच्या हाताने, कुरळे केस सरळ कसे करायचे आणि त्यात नेमकं काय होतं. हसू नका, यात तापमान आहे, पाणी आहे आणि एक गोष्ट अशी आहे जी 'अनडू' करता येत नाही. म्हणजे आपलाच विषय झाला.

माझे केस कुरळे आहेत. लाटा-बिटा नाहीत, चांगले पेनातल्या स्प्रिंगसारखे. शाळेत दोन घट्ट वेण्या, त्यावर तेल, आणि तरी दुपारपर्यंत कपाळाभोवती सगळं फुललेलं. घरून ठरलेलं वाक्य, "त्या झिपऱ्या आवर आधी." त्यामुळे पहिल्या पगारातून मी काय घेतलं असेल ते तुम्ही ओळखलंच.

आता तो दिवस. जूनचा शेवट, ठाणे, मावसबहिणीचा साखरपुडा. अकराला हॉलवर पोचायचं होतं आणि मी साडेनऊला केस धुतले. टॉवेलने खसाखसा पुसले, पाच मिनिटं पंख्याखाली बसले. हाताला कोरडे वाटले. स्ट्रेटनर २३० वर टाकला, कारण आकडा जितका मोठा तितकं काम लवकर, असा माझा इंजिनीअरिंगचा हिशोब. कपाळाजवळची पहिली बट प्लेटांमध्ये धरली आणि चर्रर आवाज आला. पांढरी वाफ. मावशी मागेच उभी होती, ती म्हणाली, "वाफ येतेय म्हणजे छान बसणार बघ." मलाही तसंच वाटलं. तीच बट मी आणखी तीनदा ओढली.

मावशीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपण सगळे इस्त्री बघत मोठे झालोय. इस्त्रीवाले काका सुती शर्टावर पाण्याचे शिंतोडे मारतात, वर इस्त्री फिरवतात, वाफ निघते, सुरकुती गायब. हे चालतं का, तर कापसाच्या धाग्यातल्या लांब साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. हे बंध कच्चे असतात. पाणी आणि उष्णता मिळाली की सुटतात, धागा सरळ होतो, आणि पाणी उडून कापड थंड झालं की त्या नव्या सरळ जागी पुन्हा बांधले जातात.

केसातही अगदी हाच प्रकार आहे. केस केराटीन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्याच्या साखळ्यांनाही हायड्रोजन बंध असतात, आणि स्ट्रेटनर त्यांच्याशीच खेळतो. म्हणून केस धुवून वेणी घातली आणि तशीच वाळू दिली की सोडल्यावर लाटा दिसतात. तेही हायड्रोजन बंधच, फक्त वीज न वापरता.

मग शर्टाला पाणी चालतं आणि केसाला का नाही? कारण केस हा पोकळ्या आणि थर असलेला बंद डबा आहे. बाहेरून माशाच्या खवल्यांसारखी आवरणं, आत केराटीनचे धागे. पूर्ण भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी आत मुरवून घेतो. टॉवेलने पुसलं की जातं ते बाहेरचं पाणी. आतलं आतच असतं. त्यावर २३० अंशांची प्लेट दाबली तर आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते, आणि ती आतून केस फुगवते. सूक्ष्मदर्शकाखाली अशा केसात खरोखर बुडबुडे दिसतात. त्वचारोगतज्ज्ञ याला 'बबल हेअर' म्हणतात. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात दमट केसांवर १२५ अंशांचा चिमटा मिनिटभर धरला तरी बुडबुडे तयार झाले होते. १२५! मी २३० वर होते. तो चर्रर आवाज म्हणजे माझा केस आतून उकळत होता.

दुसरी भानगड तापमानाची. हायड्रोजन बंध सुटणं हे तात्पुरतं. पण त्याच्या खाली केराटीनची स्वतःची गुंडाळी असते आणि गंधकाचे पक्के बंध असतात. कोरड्या केसात ही गुंडाळी साधारण २३० ते २४० अंशांच्या आसपास कायमची मोडते, आणि झीज त्याच्या बरीच आधी सुरू होते. ओल्या केसात हीच मोडतोड कितीतरी कमी तापमानाला होते. बाजारातल्या बऱ्याच यंत्रांचा वरचा आकडा २३० असतो, म्हणजे यंत्र आपल्याला थेट कड्याच्या टोकापर्यंत जाऊ देतं. वरून माझी बट होती कपाळाजवळची, जिथले केस सगळ्यात बारीक आणि लवकर तापणारे.

साखरपुड्यात मी छान दिसले, फोटो आहेत. हॉलबाहेर फोटो काढताना भुरभुर पाऊस आला आणि जेवणाची पानं वाढेपर्यंत सगळे केस पुन्हा वर. हेही आता तुम्हाला कळेल. हवेतली वाफ केसात शिरली, तात्पुरते बंध सुटले, आणि केस मुळाशी ज्या आकारात घडला होता त्या आकाराकडे परत गेला. केस वळणार की सरळ राहणार हे त्याच्या मुळाच्या खळग्याचा आकार ठरवतो, आणि प्लेट तिथे पोचतच नाही. केस ओलाव्याला इतका जागा असतो, की सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने १७८३ च्या सुमारास माणसाच्या केसावर चालणारं आर्द्रतामापक यंत्र केलं होतं. हवा दमट झाली की केस किंचित लांबतो, काटा हलतो. ठाण्याच्या जूनमध्ये आपण प्रत्येकजण डोक्यावर लाखभर सेन्सर घेऊन फिरतो.

तर सगळे केस परत आले. ती एक बट सोडून. दुसऱ्या दिवशी केस धुतले, बाकी सगळीकडे स्प्रिंगा, आणि कपाळावर एक लोंबती दोरी. सरळही नाही, कुरळीही नाही. आठवडाभर वाट पाहिली. कंडिशनर, अंडं, दही, जे जे कोणी सांगितलं ते लावलं. टोकाला फाटे फुटायला लागले तेव्हा पटलं की हे परत येणार नाही. केस मेलेला असतो हो, तो स्वतःला दुरुस्त करत नाही. मला रडू आलं, आणि त्याचंच मला आश्चर्य वाटलं. इतकी वर्षं ज्या वळणाला शिव्या दिल्या, ते एका बटेपुरतं गेलं तर इतकं काय? पण आरशात रोज तीच दिसायची.

मग मी शोधायला बसले, आणि सगळ्यात कामाची माहिती मिळाली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या व्हिडिओंमध्ये. त्यांच्याकडे 'नॅचरल हेअर' म्हणजे रसायनाने सरळ न केलेले, जन्मजात वळणाचे केस. त्यांच्यासाठी हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. तिथे केसांच्या ठेवणीवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव व्हायचा, म्हणून २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने त्याविरुद्ध 'क्राउन ॲक्ट' हा कायदा केला, मग इतर अनेक राज्यांनीही. साहजिकच वळण न गमावता केस तेवढ्यापुरते सरळ कसे करायचे, यावर त्यांनी जितका विचार केलाय तितका कोणी केला नसेल. 'हीट डॅमेज', 'रिव्हर्जन' हे शब्द मी त्यांच्याकडूनच शिकले. पावसात केस परत वळणं म्हणजे रिव्हर्जन, ते चांगलं लक्षण. न वळणं म्हणजे हीट डॅमेज.

आता मी काय करते ते सांगते. वेळ लागतो, आधीच सांगून ठेवते. माझ्या केसांना अडीच तास. ज्या दिवशी अकराला हॉलवर जायचंय त्या दिवशी हे करायचं नाही, आदल्या दिवशी करायचं.

केस धुवायचे, भरपूर कंडिशनर लावून त्यातच मोठ्या दातांच्या फणीने गुंता काढायचा. मग वाळवणं, आणि खरं काम इथेच आहे. नुसतं हाताला कोरडं लागणं पुरत नाही. मी मानेवरचे, सगळ्यात आतले केस मुठीत धरून गालाला लावते. गार लागले तर आत पाणी आहे. ड्रायर मध्यम गरम हवेवर ठेवून, केस ताणून धरत वाळवले की अर्धं सरळ होण्याचं काम तिथेच होतं आणि प्लेटवरचा भार कमी होतो.

त्यावर हीट प्रोटेक्टंट. यात बहुतेक वेळा सिलिकोनसारखं काहीतरी असतं, ते केसावर पातळ थर करतं, घर्षण कमी होतं आणि उष्णता जरा सावकाश आत जाते. सावकाश म्हणजे थांबत नाही, हे लक्षात ठेवा. ते चिलखत नाहीये. आणि स्प्रे पाण्याचा असेल तर तो पूर्ण वाळू द्या, नाहीतर इस्त्रीवाल्या काकांचा शिंतोडा पुन्हा आलाच.

तेल लावू का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. धुण्याच्या आधी, जरूर. मुंबईतल्या मॅरिकोच्या संशोधकांचा २००३ सालचा एक पेपर आहे, त्यात खोबरेल तेलाने केसातल्या प्रथिनाची झीज कमी होते असं दिसलं होतं. सूर्यफूल आणि खनिज तेलाने तो परिणाम दिसला नाही. आजी जिंकली. पण ते तेल प्लेटेखाली नको. तापलेल्या तव्यावर तेल काय करतं ते आपल्याला माहीत आहे, आणि घाण्याचं खोबरेल तर १७५ च्या आसपासच धुरायला लागतं.

तापमान मी १७० ला ठेवते, कपाळाजवळ १५०. खूप जाड, राठ केस असतील तर १८५ पर्यंत जावं लागेल. दोनशेच्या वर मी कुठल्याच केसाला जाणार नाही. ज्या यंत्राला आकडाच नाही, नुसता लाल दिवा आहे, ते कितीही स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. तुम्ही काय तापमान देताय तेच माहीत नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

बट पातळ घ्यायची, इतकी की पलीकडचं बोट अंधूक दिसावं. जाड बट घेतली की वरचे केस भाजतात, मधले तसेच राहतात, मग आपण चार वेळा फिरवतो आणि वरच्यांना चौपट शिक्षा. पुढे बारीक दातांचा कंगवा, त्याच्या मागोमाग स्ट्रेटनर, मुळापासून टोकापर्यंत एकाच वेगाने, मध्ये न थांबता. एकदा, फार तर दोनदा. मग हात लावायचा नाही. गार होताना बंध नव्या जागी बसतात, तेवढ्यात बोटं फिरवली तर काम वाया. रात्री मी सॅटिनचा रुमाल बांधून झोपते. महिन्यातून एकदापेक्षा जास्त हे करत नाही.

पार्लरमधल्या रिबाँडिंगची याच्याशी गल्लत करू नका. तिथे रसायनाने गंधकाचे पक्के बंध तोडतात, प्लेटने केस सरळ करतात आणि दुसऱ्या रसायनाने बंध पुन्हा जोडतात. तिथे परतीचा रस्ता नसतो, नवीन केस मात्र मुळातून कुरळेच येतात. घरी करायची काही 'केराटीन' किटं मिळतात, त्यांच्यातल्या काहींमधून प्लेट लागल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. तो कर्करोगकारक आहे. बंद बाथरूममध्ये हे करायच्या फंदात पडू नका, एवढंच म्हणेन.

माझ्या बटेचं काय झालं? केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. माझी बट तीस सेंटिमीटरची होती, म्हणजे दोन वर्षं. रोज थोडी थोडी कापत बसण्यापेक्षा एका रविवारी गालापर्यंत कापून टाकली आणि उरलेली क्लिपमध्ये दडवत राहिले. मुळाकडून नवीन केस आला तो वळतच आला. आता हनुवटीच्या खाली पोचलाय, शेवटचे दोन बोटं सरळ आहेत.

येत्या डिसेंबरात त्याच मावसबहिणीच्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे. मावशीचा फोन आला होता, "या वेळी पण सरळ करणार ना?" करणार आहे, हवा कोरडी असेल. पण आपण ऑफिसात कुठलाही बदल सरळ प्रॉडक्शनवर टाकत नाही, तसंच. मानेवरची, कोणाला न दिसणारी एक बट घेतली, पूर्ण वाळवली, १७० वर एकदा सरळ केली, गार होऊ दिली आणि मग पाण्यात बुडवून सोडून दिली. वाळेपर्यंत तिचे तीन वेढे परत आले होते. तुम्हीही आधी हे करून बघा, आणि ती बट परत वळली नाही तर आकडा खाली आणा.