आपल्या नावावर दुसऱ्याचा धंदा : तोतयांपासून सावध राहा



या पानावर एरवी बेणे, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांची माहिती असते. या खेपेस विषय वेगळा आहे, पण सभासदांच्या घरचाच आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा भागांत लहानसा धंदा करतात. कोणी गावाकडचा गूळ-काकवी विकतो, कोणी पोळीभाजी केंद्र चालवतो. मागणी फोनवर येते आणि पैसेही फोनवरच येतात. गिऱ्हाईक आणि दुकानदार एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत. दोघांच्या मध्ये असते ते फक्त नाव, आणि तोतया नेमके तेच उचलतो.

ही तोतयेगिरी दोन बाजूंनी होते.

पहिली बाजू : आपले नाव घेऊन आपल्या गिऱ्हाइकाला फसवणे. २०१८ साली ठाणे भागात गुगलच्या नकाशावर बँक ऑफ इंडियाच्या शाखांपुढे भामट्यांनी स्वतःचे नंबर घातले. नकाशावरील माहितीत दुरुस्ती सुचवण्याची सोय कोणालाही खुली असते, तिचा हा गैरफायदा. लोकांनी बँक समजून फोन केला, खात्याची गुप्त माहिती सांगितली आणि पैसे गेले. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईतील दारूच्या दुकानांच्या नावानेही खोटे नंबर फिरले. घरपोच माल देतो म्हणून आगाऊ पैसे घेतले गेले. एवढ्या मोठ्या बँकेचे नाव चोरता येते, तर लहान दुकानाचे का नाही?

दुसरी बाजू : सोंग घेऊन दुकानदारालाच फसवणे. लष्कराचा जवान म्हणून मोठी ऑर्डर द्यायची आणि ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ असे सांगायचे, ही जुनी रीत. कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे येण्याऐवजी जातात. २०२२ साली ‘बिल भरले नाही, आज रात्री वीज तोडू’ असे संदेश वीज कंपनीच्या नावाने मुंबईत सर्रास येत होते. दुकानातला फ्रीज बंद पडेल या धास्तीने माणूस विचार न करता फोन लावतो.

यावर उपाय पुढीलप्रमाणे :

१) पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. कोणी पिन टाका म्हणाला की व्यवहार तिथेच थांबवावा.

२) पैसे आल्याचा फोटो किंवा संदेश खरा मानू नये. स्वतःच्या खात्यात जमा पाहूनच माल द्यावा.

३) गुगलच्या नकाशावरील आपल्या दुकानाची नोंद आपल्या ताब्यात घ्यावी. आठवड्यातून एकदा नंबर तपासावा.

४) दुकानाचा एकच नंबर आणि खात्यावरचे नाव पाटीवर, पिशवीवर, बिलावर छापावे. ‘दुसऱ्या नंबरावर पैसे पाठवू नका’ असेही लिहावे.

५) दुकानातील कोडवर कोणी दुसरा कागद चिकटवला नाही ना, हे रोज सकाळी पाहावे.

६) व्हॉट्सअॅपला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी. ओटीपी कोणालाही सांगू नये.

७) बँक किंवा वीज कंपनीचा फोन आला तर तो ठेवून पासबुकावरच्या वा बिलावरच्या नंबरावर आपण स्वतः फोन करावा.

इतके करूनही फसवणूक झाली, तर लाजेपोटी गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवावे. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात भराभर फिरते. ती बाहेर काढली जाण्याआधी कळले तरच अडवता येते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या व्यापारी बँकांसाठीच्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः पिन सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे उशिराची किंमत आपणच मोजतो. आपल्या नावाने कोणी गिऱ्हाईक फसवत असेल तर खोट्या पानाचे व नंबराचे फोटो ठेवून सायबर पोलिसांत तक्रार द्यावी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-ड प्रमाणे अशा तोतयेगिरीस ३ वर्षांपर्यंत कैद व १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

को ८६०३२ आहे असे कोणी म्हटले म्हणून आपण बेणे लगेच लावत नाही. मळा पाहतो, डोळा पाहतो, मगच मोळी उचलतो. फोनवरच्या नावालाही तोच नियम लावावा. तरी सभासदांनी ही माहिती मुंबईच्या मुलाबाळांना आवर्जून कळवावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी