क्युबिटची झेरॉक्स निघत नाही!

सबमिशनच्या आदल्या रात्री नोट्स कशा फिरतात, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. एकीच्या वहीचे फोटो ग्रुपवर पडतात आणि अख्ख्या वर्गाचं काम होतं. क्वांटम कॉम्प्युटरला मात्र ही सोय नाही. क्युबिटमधल्या अनोळखी अवस्थेची हुबेहूब कॉपी निघतच नाही, हा निसर्गाचाच नियम. ती दुसरीकडे न्यायची, तर आहे तशी सोपवावी लागते.

हा प्रश्न आपल्यापासून लांबचा नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये डीआरडीओची पुण्यातली क्वांटम प्रयोगशाळा, मुंबईची टीआयएफआर आणि टीसीएस यांनी ६ क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. क्युबिट टीआयएफआरने घडवले, कंट्रोलची यंत्रणा पुण्याच्या टीमने जुळवली.

हे सुपरकंडक्टिंग क्युबिट उणे २७३ अंशांच्या अगदी जवळ चालतात आणि मायक्रोवेव्हमध्ये 'बोलतात'. फ्रीजबाहेर आलात की साध्या खोलीच्या उष्णतेतच तो सिग्नल बुडतो. फायबरमधला प्रकाश मात्र त्या उष्णतेला जुमानत नाही. मग मायक्रोवेव्हमधून प्रकाशात जायचं कसं? विश्रांतवाडीच्या चौकात आळंदी रोडची बस सोडून एअरपोर्टकडची गाडी पकडता ना, तसा मधला थांबा हवा. तो थांबा म्हणजे कंप पावणारा एक सूक्ष्म तुकडा.

गॅसचा लायटर आठवा. आतल्या पदार्थावर दाब पडला की वीज तयार होते. उलट, अशा पदार्थाला वीज दिली की तो हलतो. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरात आरोन ओ'कॉनेल, जॉन मार्टिनिस, अँड्र्यू क्लेलँड यांच्या टीमने असाच तुकडा क्युबिटला जोडला. सेकंदाला सुमारे ६०० कोटी कंपनं! क्युबिटमधली ऊर्जेची एकच पुडी त्या कंपनात गेली आणि परतही आली. टिकली मात्र काही नॅनोसेकंदच. यातल्या मार्टिनिस यांना सुपरकंडक्टिंग सर्किटवरच्या आधीच्या कामासाठी २०२५ चं नोबेल मिळालं. २०२० मध्ये कॅलटेकच्या टीमने पुढचा टप्पा गाठला: क्युबिट, मग कंपन, मग प्रकाशाचा एक कण. पण बहुतेक प्रयत्न वायाच जात होते.

खरं काम इथेच बाकी आहे. कंपन जास्त वेळ टिकवायचं आणि वाटेतली गळती थांबवायची. भारताच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी २०२३ ते २०३१ या काळाकरता ६,००० कोटींहून जास्त रक्कम मंजूर आहे. तेव्हा 'क्वांटम म्हणजे फिजिक्सवाल्यांचं' असं म्हणून पान उलटू नका. मेकॅनिकलला असाल, तर व्हायब्रेशनचा पेपर जरा मन लावून द्या.