दिवाडी बेटावर एक दिवस सायकलवर

गणपती झाले आणि भांगलण उरकली, की चार दिवस हाताला थोडी उसंत मिळते. अशा वेळी गोव्यातल्या दिवाडी बेटावर एक दिवस जाऊन या. कोल्हापुराहून एस.टी.ने पणजी गाठावी. तेथे सायकल भाड्याने घ्यावी आणि मांडवीच्या काठाने जुने गोवे किंवा रायबंदर गाठावे. तेथून फेरीबोटीत सायकल चढवली, की थोड्याच वेळात तुम्ही बेटावर.

धक्क्यापासून रस्ता थेट भातखाचरांतून जातो. वाट सपाट असल्याने लहान मुलांनाही दमछाक होत नाही. फक्त पिएदाद गावच्या टेकडीचा चढ सायकल हाती धरून चढावा. वरच्या चर्चपासून नदी आणि शेते एका नजरेत दिसतात. नार्वे भागात सप्तकोटेश्वराच्या जुन्या देवळाची जागा आणि तळे आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडले. देव नदीपार डिचोलीकडच्या नार्व्यात नेला आणि तेथील देवळाचा जीर्णोद्धार 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी करविला.

पण आपल्यासारख्यांनी डोळे उघडे ठेवून पाहावी ती तिथली खाजण शेती. मांडवीत समुद्राची भरती येते आणि पाणी खारे होते. कित्येक शेते भरतीच्या पातळीहून खाली आहेत. माती-दगडांच्या बांधांनी ती राखली आहेत. बांधात ‘मानस’ म्हणजे दार असते. भरतीचे पाणी बाहेरून रेटते तेव्हा ते मिटते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते आणि शेतातले जादा पाणी निघून जाते. ना मोटार, ना वीज! पावसाने जमिनीतले मीठ धुतले, की कोरगुटसारखे खारेपण सोसणारे भात तेथे येते.

हे बांध पूर्वी गावकरी संस्था एकजुटीने राखत. जेथे डागडुजी राहिली, तेथे खांड पडून खारे पाणी आत शिरले, पीक गेले आणि शेतात खारफुटी माजली. एकाच्या आळसाचे मोल साऱ्या शिवाराला द्यावे लागते.

आता आपल्या शिरोळकडे बघा. तेथे समुद्र नाही, तरी उसाला बेसुमार पाणी दिल्याने आणि निचरा तुंबल्याने कित्येक एकर जमीन क्षारपड झाली. एकट्याने आपल्या रानात चर खणून भागत नाही. पाणी शेजाऱ्याच्या बांधाशी अडते. चर असो वा जमिनीखालची सच्छिद्र नळी, शेवटी पाणी ओढ्यापर्यंत पोचलेच पाहिजे. त्यासाठी शेजारच्या चौघांनी एकत्र बसायला हवे.

जाताना पाण्याची बाटली, टोपी आणि पंक्चरचे सामान जवळ ठेवा. बांधावर सायकल चालवू नका. तो कुणाच्या तरी घासाचा राखणदार आहे. घरच्या लक्ष्मीला आणि शाळकरी पोरांनाही बरोबर न्या. मानशीचे दार पोरांना दाखवा. आणि परतल्यावर पहिल्या सवडीला शेजाऱ्याबरोबर आपल्या निचऱ्याच्या ओघळीवरून एक फेरी मारा.