रोगी संत्र्याचा वास

गुडघ्याला चोळायच्या अनेक मलमांचा तो उग्र, ओळखीचा वास मिथिल सॅलिसिलेटचा असतो. सॅलिसिलिक आम्ल आणि मिथेनॉल यांच्या संयोगातून बनणारं हे एस्टर वनस्पती स्वतः तयार करतात. विंटरग्रीनच्या पानांच्या तेलात तर बहुतांश तेच असतं. आष्टी तालुक्यातल्या संत्रा बागायतदारानं त्याची दखल घ्यावी असं कारण आहे. तंबाखूच्या झाडाला मोझॅक विषाणू लागला की ते हे एस्टर हवेत सोडतं आणि शेजारची झाडं ते शोषून आपली प्रतिकारशक्ती जागी करतात, हे १९९७ मध्ये सिद्ध झालं. संत्रावर्गीय झाडात मात्र हाच वास घातक ठरतो. ग्रीनिंग रोगाचा जिवाणू शिरलेलं झाड मिथिल सॅलिसिलेट जास्त सोडतं आणि रोग पसरवणारा सिट्रस सायला त्याकडे ओढला जातो, असं फ्लोरिडातल्या संशोधकांना २०१२ मध्ये आढळलं. रोगी झाडाच्या रसात पोषण कमी, म्हणून ही कीड तिथे फार काळ टिकत नाही; जिवाणू घेऊन निरोगी झाडावर जाऊन बसते. झाडाचा बचाव रोगाच्याच पथ्यावर पडतो.

सायलाच्या पिल्लांवर वाढणारी टॅमरिक्सिया ही मित्र गांधीलमाशीही याच वासानं येते. मग बागेत त्याची आमिषं टांगली तर काय बिघडलं, असं कोणी विचारेल. बिघडतं ते असं, की मित्राबरोबर शत्रूलाही आवतण जातं, आणि बागेत एखादं रोगी झाड असेल तर ते परवडणारं नाही. झाडाचाच पदार्थ म्हणून तो निरुपद्रवी, हेही खरं नाही. विंटरग्रीन तेलाच्या एका चमच्यात (५ मिलि) सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतकं सॅलिसिलेट असतं. पोटात गेलं तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. प्रयोगशाळेत मात्र जपून वापरलं तर ते फार उपयोगाचं ठरतं: पाणी काढून टाकलेल्या ऊतीचा अपवर्तनांक आणि या द्रवाचा अपवर्तनांक (सुमारे १.५४) जवळजवळ सारखे, त्यामुळे त्यात बुडवलेला किडीचा भ्रूण काचेसारखा पारदर्शक होतो आणि आतली रचना सूक्ष्मदर्शकाखाली न कापता दिसते.

म्हणजे बागेत हे एस्टर औषध नाही, खबर आहे. ग्रीनिंगवर इलाज नाही. विदर्भातल्या बागांतही हा रोग आढळला आहे. म्हणून नवतीवर सायला दिसताच बंदोबस्त करा, रोगाची खात्री झालेलं झाड उपटून टाका, आणि कलमं घेताना डोळा कोणत्या मातृवृक्षाचा आहे आणि रोपवाटिका कीडरोधक जाळीत आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.