पांगिऱ्याचे दर्यावर्दी भाऊबंद

सातारा-सांगलीकडे विहिरीत पोहायला शिकलेल्या जुन्या माणसांना पांगिऱ्याचा बिंडा ठाऊक असतो. वाळलेल्या पांगिऱ्याचा ओंडका पोराच्या पाठीला बांधायचा आणि त्याला सरळ पाण्यात ढकलायचे. लाकूड इतके हलके, की पोर ओरडते पण बुडत नाही.

याच पांगिऱ्याचा एक चुलतभाऊ हवाई बेटांवर उगवतो. त्याचे नाव विलीविली. हलकेपणासाठीच तिथल्या सरदारांनी त्याच्या खोडातून लाटांवर स्वार होण्याच्या फळ्या कोरल्या. 'ओलो' नावाच्या या फळ्या पंधरा फुटांच्या आसपास लांब असत. विसाव्या शतकात कॅलिफोर्नियातल्या कारागिरांनी अशाच फळ्यांसाठी दक्षिण अमेरिकेतले बाल्सा लाकूड हाती घेतले, आणि ते निघाले आपल्या काटेसावरीच्या घराण्यातले. फाल्गुनात पाने झाडून लालेलाल होणारी कोयना खोऱ्यातली तीच काटेसावर! या खोऱ्यातल्या पाटणला समुद्र नाही, तो कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्याही पुढे. पण सर्फबोर्डाचे दोन्ही मूळपुरुष नात्याने इथल्या डोंगरातले आहेत.

हाताने बोर्ड घडवणाऱ्याला 'शेपर' म्हणतात. आज त्याच्यासमोर येतो तो बहुधा फोमचा ठोकळा, मधोमध उभी चिकटवलेली लाकडाची पातळ पट्टी असलेला. ती बोर्डाचा कणा. शेपर अर्ध्याच आकाराचा साचा कण्याला लावून एक बाजू आखतो, मग तोच साचा उलटून दुसरी. त्यामुळे दोन्ही बाजू आपोआप सारख्या येतात. करवतीने कड कापली की रंधा फिरू लागतो. नाकाकडे आणि शेपटीकडे बोर्ड किती वर वळावा, पोटात किती जाड असावा आणि टोकांकडे जाडी कशी उतरत जावी, हे सगळे त्या रंध्याच्या हाती. कडा गोल करायच्या तर आधी तिरपे सपाट पट्टे पाडायचे, मग त्या पट्ट्यांच्या धारा मोडायच्या. एकदम गोल करायला गेले की हात चुकतो.

मला खरी भुरळ घातली ती शेपरच्या खोलीने. भिंती गडद निळ्या किंवा काळ्या, डोक्यावरचा दिवा बंद, आणि दोन्ही बाजूंना बोर्डाच्याच उंचीवर ट्यूबलाइट. गिलावा तपासताना गवंडी बॅटरी भिंतीला चिकटून आडवी धरतो, तीच ही युक्ती. आडव्या उजेडात बोटालाही न लागणारा उंचवटा लांब सावली टाकतो. शेपर फोम कापतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो सावल्या पुसत असतो.

एवढा खटाटोप एकेका गिऱ्हाइकासाठी का? कारण हिशेब लिटरचा आहे. बोर्डाने एक लिटर पाणी बाजूला सारले की त्याला एक किलोचा आधार मिळतो. सहा फुटी बोर्डाची जाडी सगळीकडे अर्धा सेंटीमीटर वाढवली तर तीनेक लिटर वाढतात. नवशिक्याला ते वरदान वाटेल, पण वळण घेताना कड पाण्यात रुतवायला धडपडणाऱ्या सराईताला अडचण. कडेचेही तसेच. गोल कडेला पाणी लपेटून राहते आणि बोर्ड लाटेला धरून ठेवते. शेपटीकडे कड धारदार केली की पाणी झटकन सुटते आणि वेग मिळतो. म्हणून एकाच बोर्डाची कड पुढे मऊ आणि मागे धारदार असते.

बोर्डाखालच्या पंखाची, म्हणजे फिनची, गोष्टही अशीच. टॉम ब्लेकने 1935 साली पहिला पंख लावला. सायमन अँडरसनने तीन पंखांचा बोर्ड आणला आणि 1981 साली ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचची स्पर्धा त्यावर जिंकली. बाजूचे दोन पंख साधारणपणे आतून सपाट आणि बाहेरून फुगीर असतात. वाहते पाणी त्यांना एका बाजूला ओढते, आणि ती ओढच बोर्डाला वळवते.

घडणीत मोठी उलथापालथ झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. काचतंतूचे कापड आणि रेझिन बाजारात आले आणि बॉब सिमन्स नावाच्या हिकमती माणसाने ते बोर्डावर चढवले. 1958 च्या सुमारास होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोम रुळवला. अमेरिकेतले बहुतेक शेपर क्लार्कच्याच ठोकळ्यांवर जगत होते. डिसेंबर 2005 मध्ये त्याने अचानक कारखाना बंद केला आणि सगळा धंदा हबकला. आता बराचसा आकार संगणकावर चालणारे यंत्रच कापून देते. शेवटचा हात मात्र अजून माणसाचा.

बाल्सा बोर्डांतून मागे पडले, संपले नाही. आत हलका गाभा, बाहेर काचतंतू आणि रेझिन ही बोर्डासारखीच घडण पवनचक्कीच्या आधुनिक पात्यांतही दिसते, आणि त्यांच्या गाभ्यातही बाल्सा किंवा फोमच असतो. जगातले बहुतांश बाल्सा एक्वाडोरमधून येते. 2020 च्या सुमारास पात्यांसाठी त्याची एवढी मागणी वाढली की तिथली जंगलातली झाडेही सुटली नाहीत.

कधी पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर गेलात, तर थांबलेल्या पवनचक्कीचे पाते नीट न्याहाळा. एक कड जाड आणि गोल, दुसरी पातळ, आणि टोकाकडे उतरत गेलेली जाडी. वारा असो की पाणी, वाहत्या गोष्टीकडून काम करून घ्यायचे तर माणसाला अजून तरी हाच आकार सर्वांत जास्त उपयोगी पडला आहे.