महाविद्यालयीन संगणक जाळ्यातील बँडविड्थचे मापन : लिब्रस्पीड प्रणालीच्या सेटिंग फाइलची मांडणी (विशेष संदर्भ : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसर)

गोषवारा

इंटरनेट जोडणीचा वेग मोजणे ही आज महाविद्यालयाच्या दैनंदिन व्यवहाराची गरज झाली आहे. मात्र वेग-चाचणीच्या पडद्यावर दिसणारा आकडा नेमका कशाचा, हे चाचणी साधनाची मांडणी कशी केली आहे यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात लिब्रस्पीड या मुक्त प्रणालीची सेटिंग फाइल कशी लिहावी, तिच्यातील प्रत्येक नोंदीचा मापनावर काय परिणाम होतो आणि एकाच संस्थेत आतील व बाहेरील जाळ्याचे मापन वेगळे का करावे, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : बँडविड्थ, वेग-चाचणी, सेटिंग फाइल, सर्व्हर, महाविद्यालयीन संगणक जाळे

१. प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींतून उभे राहिलेले व आजही कॅम्प क्रमांकांनी ओळखले जाणारे उल्हासनगर, दारूगोळा कारखाना व औद्योगिक वसाहतीमुळे वाढलेले अंबरनाथ आणि उल्हास नदीकाठचे बदलापूर ही मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावरील शहरे होत. येथील बहुसंख्य महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिका विद्यापीठाकडून महाविद्यालयाला इंटरनेटद्वारे येते. ती उतरवून घेणे, छापणे व वेळेत वर्गापर्यंत पोहोचविणे ही महाविद्यालयाची जबाबदारी असते. २०१७ पासून विद्यापीठाने उत्तरपत्रिकांचे मूल्यांकनही संगणकाच्या पडद्यावर आणले. २०२० मध्ये अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन झाल्या, तेव्हा तर जोडणी खंडित होणे म्हणजे विद्यार्थ्याचे वर्ष टांगणीला लागणे, असे समीकरण झाले.

पावसाळ्यात या पट्ट्याची परीक्षा आणखी कठीण होते. २६ जुलै २००५ चा महापूर आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान पुराच्या पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस येथील रहिवासी विसरलेले नाहीत. ओलावा, खोदकाम व खांबांवरून लोंबणाऱ्या केबल यांचा परिणाम जोडणीवर होतो. अशा वेळी 'नेट स्लो आहे' ही तक्रार पुरेशी ठरत नाही. दोष कोठे आहे, हे दाखविणारे मापन हाती असावे लागते.

२. मापनापूर्वीच्या काही संकल्पना

प्रथम एककांचा घोळ दूर करणे इष्ट ठरेल. सेवा पुरवठादार वेग मेगाबिटमध्ये सांगतो, तर संगणक फाइल उतरविताना तो मेगाबाइटमध्ये दाखवितो. आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने १०० मेगाबिट प्रतिसेकंद म्हणजे १२.५ मेगाबाइट प्रतिसेकंद होय. अनेक तक्रारींचे मूळ या एका भागाकारात असते.

दुसरी बाब वाटणीची. १०० मेगाबिटची जोडणी चाळीस संगणकांनी एकाच वेळी पूर्ण वापरली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी २.५ मेगाबिट येतात. भारतात ब्रॉडबँडची किमान मर्यादा २००४ च्या धोरणात २५६ किलोबिट होती. ती २०१३ मध्ये ५१२ किलोबिट व जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आली. तथापि ही व्याख्या एका जोडणीपुरती आहे. त्या जोडणीवर चाळीस विद्यार्थी बसले असता काय होते, ते व्याख्येतून कळत नाही.

तिसरी बाब अंतराची. माहितीचा तुकडा सर्व्हरपर्यंत जाऊन त्याची पोच परत येण्यास लागणारा वेळ हा वेगाचा छुपा भागीदार आहे. पोच येण्यापूर्वी ६४ किलोबाइटच माहिती पाठविता येते असे मानले, तर ५ मिलिसेकंद अंतरावरील सर्व्हरशी एका प्रवाहातून सुमारे १०५ मेगाबिटचा वेग मिळू शकतो. तोच सर्व्हर २०० मिलिसेकंद दूर असेल, तर सुमारे २.६ मेगाबिटच. आधुनिक संगणक ही मर्यादा आपोआप वाढवितात. परंतु जवळच्या व दूरच्या सर्व्हरचे आकडे जुळत नाहीत याचे एक प्रमुख कारण हेच आहे.

३. लिब्रस्पीडचे स्वरूप

लिब्रस्पीड ही फेदेरिको दोसेना यांनी सुरू केलेली मुक्त वेग-चाचणी प्रणाली आहे. तिचे दोन भाग पडतात. पहिला सर्व्हरवर चालणारा कार्यक्रम; तो यादृच्छिक माहिती पाठवितो व स्वीकारतो. माहिती यादृच्छिक असल्याने ती वाटेत दाबून लहान करता येत नाही आणि वेग खोटा वाढत नाही. दुसरा भाग म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारे चाचणीचे पान. विद्यार्थ्याच्या संगणकावर काहीही बसवावे लागत नाही, ही प्रयोगशाळेच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

सर्व्हरचा कार्यक्रम पीएचपी व गो अशा दोन्ही भाषांत उपलब्ध आहे. गो भाषेतील आवृत्तीसाठी वेगळ्या वेब सर्व्हरची गरज नसते. तिची सर्व मांडणी टॉमल पद्धतीने लिहिलेल्या एका सेटिंग फाइलमध्ये असते. पुढील विवेचन याच फाइलला अनुसरून आहे. फाइलमध्ये नोंदींची नावे रोमन लिपीत, शब्दांमध्ये अधोरेषा देऊन लिहिली जातात. येथे त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत.

४. सेटिंग फाइलची मांडणी

टॉमल पद्धतीचे नियम मोजके आहेत. प्रत्येक ओळीत डावीकडे नोंदीचे नाव, मध्ये बरोबरचे चिन्ह व उजवीकडे मूल्य. मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावा, संख्या अवतरणाविना लिहावी. होय-नाहीसाठी 'ट्रू' व 'फॉल्स' हे शब्द लहान अक्षरांत लिहावेत. हॅश चिन्हापुढचा मजकूर ही केवळ टीप होय. एक अवतरणचिन्ह राहून गेले, तरी फाइल वाचली जात नाही. कार्यक्रम ही फाइल सुरू होतानाच वाचतो. म्हणून बदल केल्यावर तो पुन्हा सुरू करावा लागतो. नवख्या विद्यार्थ्यांची सर्वाधिक फसगत येथेच होते.

४.१ पत्ता व पोर्ट : 'बाइंड ॲड्रेस' ही नोंद रिकामी ठेवल्यास सर्व्हर संगणकाच्या सर्व नेटवर्क कार्डांवर उत्तर देतो. चाचणी केवळ प्रयोगशाळेपुरती हवी असेल, तर तेथे त्या कार्डाचा अंतर्गत पत्ता लिहावा. 'लिसन पोर्ट' चे मूळ मूल्य ८९८९ आहे. लिनक्सवर १०२४ खालील पोर्टसाठी सर्वसाधारणपणे विशेष अधिकार लागतात, म्हणून ते तसेच ठेवणे सोयीचे. मात्र फायरवॉलमध्ये ते उघडले आहे याची खात्री करावी.

४.२ स्थान : 'सर्व्हर लॅट' व 'सर्व्हर एलएनजी' यांत सर्व्हरचे अक्षांश-रेखांश द्यावयाचे असतात. उल्हासनगरसाठी ते अंदाजे १९.२२ व ७३.१६ असे येतील. यांचा उपयोग अंतर दाखविण्यापुरताच असून वेगावर त्यांचा परिणाम होत नाही. वापरकर्त्याचे स्थान त्याच्या आयपी पत्त्यावरून ठरविले जात असल्याने बदलापूरचा विद्यार्थी पडद्यावर मुंबईचा दिसू शकतो. तो दोष मापनाचा मानू नये.

४.३ नोंदवही : 'डेटाबेस टाइप' ही नोंद सर्वांत महत्त्वाची. 'नन' लिहिल्यास निकाल साठविला जात नाही. 'मेमरी' लिहिल्यास कार्यक्रम बंद होताच तो नाहीसा होतो. 'बोल्ट' लिहिल्यास सर्व निकाल 'डेटाबेस फाइल' मध्ये दिलेल्या एकाच फाइलमध्ये साठतात व स्वतंत्र डेटाबेस सर्व्हर लागत नाही. लहान महाविद्यालयासाठी हाच पर्याय योग्य. तक्रार करताना एका दिवसाचा आकडा कोणी मानत नाही, महिन्याची नोंदवही मात्र मानावी लागते. यासोबत चाचणीच्या पानातही 'टेलिमेट्री लेव्हल' सुरू करावी लागते. केवळ सर्व्हरची नोंद पुरेशी नाही.

४.४ गोपनीयता : 'स्टॅटिस्टिक्स पासवर्ड' बदलल्याविना निकालांचे पान उपलब्ध होत नाही. हा पासवर्ड फाइलमध्ये उघड लिहिलेला असतो, म्हणून फाइल वाचण्याची परवानगी व्यवस्थापकापुरतीच ठेवावी. 'रिडॅक्ट आयपी ॲड्रेसेस' ही नोंद 'ट्रू' केल्यास वापरकर्त्याचा पत्ता नोंदवहीत जात नाही. येथे एक पेच उद्भवतो : पत्ता काढून टाकला, तर कोणत्या संगणकाचा वेग कमी होता हे कसे कळावे? त्यावर उपाय असा की पत्ता झाकावा आणि चाचणीच्या पानातील 'टेलिमेट्री एक्स्ट्रा' या नोंदीत खोली व संगणक क्रमांक लिहावा. त्यामुळे यंत्राची ओळख राहते व व्यक्तीची राहत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानंतर ही सवय शैक्षणिक संस्थांनी लावून घेणे उचित ठरेल.

५. चाचणीच्या पानातील मूल्ये

डाउनलोड व अपलोड चाचणीचा कमाल कालावधी प्रत्येकी १५ सेकंद असतो. वेगवान जोडणीवर तो आपोआप कमी होतो. १०० मेगाबिटच्या जोडणीवर पूर्ण १५ सेकंद चाचणी चालली, तर एका दिशेने १८७.५ मेगाबाइट माहिती खर्च होते. चाळीस संगणकांवर क्रमाने घेतल्यास साडेसात गिगाबाइट. मासिक मर्यादा असलेल्या जोडणीवर हा विचार आधी करावा.

डाउनलोडचे पहिले दीड सेकंद व अपलोडचे पहिले तीन सेकंद हिशेबात धरले जात नाहीत. कारण प्रत्येक प्रवाह सुरुवातीला सावकाश चालतो व हळूहळू वेग घेतो. डाउनलोडसाठी सहा व अपलोडसाठी तीन समांतर प्रवाह वापरले जातात. यामुळे जोडणीची एकूण क्षमता कळते. पण प्रश्नपत्रिकेची एक फाइल बहुधा एकाच प्रवाहातून येते, हेही ध्यानी ठेवावे.

'ओव्हरहेड कॉम्पेन्सेशन फॅक्टर' चे मूल्य १.०६ असते. माहितीच्या प्रत्येक तुकड्यासोबत पत्ता व नियंत्रणाचा मजकूर प्रवास करतो. इथरनेटवर पूर्ण आकाराच्या तुकड्यासाठी तारेवर १५३८ बाइटांची जागा लागते आणि त्यांपैकी सुमारे १४५० बाइटच उपयोगी असतात. म्हणून १०० मेगाबिटच्या तारेवर प्रत्यक्ष माहिती सुमारे ९४ मेगाबिटने जाते. चाचणी तिला १.०६ ने गुणून तारेचा वेग दाखविते. प्रत्यक्ष फाइल उतरविण्याच्या वेगाशी तुलना करावयाची असल्यास हे मूल्य १ करावे.

६. सर्व्हर कोठे ठेवावा?

सर्व्हर महाविद्यालयातच ठेवला, तर चाचणी केवळ आतील तार, स्विच व वायफाय मोजते. पुरवठादाराच्या जोडणीला ती स्पर्शही करीत नाही. सर्व्हर मुंबईतील भाड्याच्या संगणकावर ठेवला, तर आतील व बाहेरील दोन्ही मार्ग एकत्र मोजले जातात. एकाच आकड्यावरून दोष कोणाचा हे ठरत नाही. दोन आकड्यांच्या तुलनेतून ते ठरते. म्हणून दोन सर्व्हर, दोन सेटिंग फाइल आणि एकच पद्धत अशी शिफारस येथे करावीशी वाटते. आतील आकडा उत्तम व बाहेरील कमी असेल, तर पुरवठादाराकडे जावे. आतीलच आकडा कमी असेल, तर प्रथम आपली भिंत तपासावी.

७. एक अनुभव

प्रस्तुत लेखकाने काम केलेल्या एका महाविद्यालयात परीक्षा कक्षातील संगणकावर प्रश्नपत्रिका उतरण्यास विलंब होत असे. खाली हजेरी सुरू झालेली, वर प्रिंटर तयार आणि पडद्यावर फाइल अर्धवट, असे क्षण वारंवार आले. पुरवठादाराकडे तक्रार केली की त्यांचा कर्मचारी येई, आपला लॅपटॉप थेट मोडेमला जोडून पूर्ण वेग दाखवी व सही घेऊन जाई. दोन सत्रे हा वाद चालला. त्याचा आकडा खरा होता आणि आमचा विलंबही खरा होता.

अखेर आतील सर्व्हर उभारून प्रत्येक खोलीतून चाचणी घेतली. इतर खोल्यांत वेग पूर्ण होता; परीक्षा कक्षाचा आकडा मात्र दहा मेगाबिटच्या वर जाईना. वाहतुकीमुळे कमी झालेला वेग वर-खाली होत राहतो. दहा किंवा शंभरच्या किंचित खाली चिकटून राहणारा आकडा मात्र बहुधा तारेच्या दोन टोकांनी मान्य केलेल्या वेगाकडे बोट दाखवितो. छताजवळच्या ओल्या भिंतीतून गेलेली केबल खराब झाली होती व जोडणी दहा मेगाबिटवर उतरली होती. केबल बदलताच प्रश्न मिटला. दोष आमच्याच भिंतीआड होता. तक्रारी मात्र आम्ही बाहेर पाठवीत होतो.

८. मर्यादा

ब्राउझरमधील चाचणीवर संगणकाच्या क्षमतेचा परिणाम होतो. जुन्या प्रोसेसरवर किंवा १०० मेगाबिटच्या जुन्या नेटवर्क कार्डावर अधिक वेगाची जोडणी मोजता येणार नाही. लिब्रस्पीडसमोर वेगळा वेब सर्व्हर ठेवल्यास त्याची फाइल-मर्यादा तपासावी. एनजिनएक्समध्ये ती मूळची १ मेगाबाइट असते आणि अपलोड चाचणी २० मेगाबाइटचे तुकडे पाठविते, त्यामुळे चाचणी अपयशी ठरते. केवळ आतील तार तपासावयाची असल्यास आदेश-ओळीवर चालणारे आयपर्फ-३ अधिक नेमके ठरते. त्याची चाचणी मुळात दहा सेकंदांची असून ते ५२०१ हे पोर्ट वापरते. तथापि सर्व विद्यार्थ्यांना हाताळता येईल असे साधन म्हणून लिब्रस्पीडचा लाभ मोठा आहे.

९. निष्कर्ष

१. वेग-चाचणीचा आकडा सर्व्हरचे स्थान, प्रवाहांची संख्या व भरपाईचे मूल्य यांसह नोंदविला, तरच तो अर्थपूर्ण ठरतो.
२. सेटिंग फाइलमध्ये निकालांची कायम साठवण सुरू करणे ही पहिली पायरी मानावी.
३. आतील व बाहेरील जाळ्याचे मापन स्वतंत्रपणे करावे. परीक्षेपूर्वी परीक्षा कक्षातून दोन्ही चाचण्या घ्याव्यात.
४. विद्यार्थ्याचा पत्ता न साठविता यंत्राची ओळख ठेवणे शक्य आहे व ते करावे.

काही ओळींच्या फाइलसाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न संभवतो. परीक्षेच्या सकाळी वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला जोडणी कोणाची व केबल कोणाची याच्याशी कर्तव्य नसते. त्याला प्रश्नपत्रिका वेळेवर हवी असते. ती मिळावी यासाठीची तपासणी परीक्षेच्या दिवशी करून चालत नाही. ती आठवडाभर आधी, शांत वेळी, नोंदवही उघडून करावी लागते.